बेटांवरच्या पर्यटनाचा अभ्यास: पन्नास वर्षांत प्रश्न कसे फिरले, आणि ताडोब्याला त्याचं काय

वैनगंगाकाठ

मी तालुक्याच्या कॉलेजात भूगोल शिकवते. एम.ए.च्या पोरांचे प्रकल्प माझ्याकडे येतात आणि त्यातले बरेचसे ‘ताडोबा परिसरातील पर्यटन’ याच नावाचे असतात. प्रश्नावली ठरलेली. आपण कुठून आलात, वाघ दिसला का, सोयी कशा वाटल्या, पुन्हा याल का. उत्तरं सगळी पर्यटकांची, कारण गेटवर ताटकळलेला पुण्या-हैदराबादचा माणूस बोलायला मोकळा असतो. गावातली बाई त्या वेळी वावरात असते, ती सापडत नाही.

हे का खटकतं ते सांगायला मला थेट समुद्रात जावं लागतं. पर्यटनाच्या अभ्यासात बेटांवरचं लिखाण ही जुनी आणि बरीच भांडकुदळ शाखा आहे. बेट लहान असतं, त्याची कड स्पष्ट असते, आत काय आलं आणि बाहेर काय गेलं हे बंदरावर मोजता येतं. त्यामुळे जे प्रश्न मोठ्या देशात धूसर राहतात ते तिथे लवकर उघडे पडले.

सुरुवात पैशाने झाली. साठच्या दशकात कॅरिबियन बेटं एकेक करून स्वतंत्र होत होती, साखरेवर पोट भरेनासं झालं होतं आणि जेट विमानं आली होती. प्रश्न एकच होता: पर्यटकाने खर्चलेल्या एका डॉलरचे बेटावर किती होतात? १९६९ मध्ये झिंडर या सल्लागार कंपनीने पूर्व कॅरिबियनसाठी अहवाल दिला की २.३ होतात. पुढच्याच वर्षी करी लेव्हिट आणि इक्बाल गुलाटी या अर्थतज्ज्ञांनी त्या आकड्याची चिरफाड केली. तोच पैसा हातोहात फिरताना पुन्हापुन्हा मोजला होता, आणि हॉटेलात लागणारं मटण, दारू, गाद्या, यंत्रं बाहेरून येतात, म्हणजे तेवढा पैसा आल्या वाटेने परत जातो, हे नीट धरलंच नव्हतं. १९७३ मध्ये जॉन ब्रायडन यांनी राष्ट्रकुलातल्या कॅरिबियन बेटांवर याच संशयाचा सविस्तर हिशेब मांडला.

मग माणसांकडे लक्ष गेलं. १९७५ मध्ये डॉक्सी यांनी बार्बाडोस आणि कॅनडातलं एक गाव बघून सांगितलं की पाहुण्यांबद्दल स्थानिकांचं मन आधी उत्साहाचं असतं, नंतर उदासीन, नंतर वैतागलेलं आणि शेवटी उघड वैराचं. १९८० मध्ये रिचर्ड बटलर यांचा पर्यटनस्थळाच्या आयुष्याचा वक्र आला: शोध, स्थानिकांचा सहभाग, विकास, स्थिरावणं, साचणं, आणि पुढे घसरण किंवा नवी पालवी. हा वक्र आपल्याकडेही शिकवला जातो आणि बेटांवर तर तो इतक्या वेळा चिकटवलाय की विचारू नका. मला तो कधीच पुरता पटला नाही. त्यात जागा आपोआप म्हातारी होते. तिला म्हातारी कोण करतं ते दिसत नाही.

ते दाखवलं स्टीफन ब्रिटन यांनी, १९८२ मध्ये, फिजीवर. विमान कंपनी, टूर कंपनी, हॉटेलांची साखळी परदेशी. त्याखाली वसाहतकाळापासूनचे शहरी व्यापारी. सगळ्यात तळाला गावकरी, ज्यांच्या वाट्याला हस्तकलेची विक्री आणि मजुरी. पर्यटक विमानतळ ते हॉटेल ते बस अशा बंद नळीतून फिरतो आणि गाव त्या नळीच्या बाहेर राहतं.

नव्वदच्या दशकात सूर पुन्हा बदलला. १९९४ ला बार्बाडोसमध्ये लहान बेट-राष्ट्रांची संयुक्त राष्ट्रांची परिषद झाली, १९९५ ला माल्टाचे लिनो ब्रिगुग्लिओ यांनी बेटांच्या आर्थिक नाजूकपणाचा निर्देशांक मांडला. १९९८ मध्ये मॅकेलरॉय आणि डी अल्बुकर्क यांनी कॅरिबियन बेटांसाठी आणखी एक निर्देशांक बनवला: दरडोई पर्यटकी खर्च, हजार रहिवाशांमागे रोजचे पाहुणे, चौरस किलोमीटरमागे हॉटेलच्या खोल्या. उपयोगी काम आहे, नाही म्हणत नाही. पण या सगळ्या लिखाणात बेट म्हणजे उणिवांची यादी झालं. लहान, दूर, एकाच धंद्यावर तगलेलं, वादळाच्या तोंडी. यादी करणारे बहुतेक बाहेरचे.

पुढचं नंतर लिहिते. कुणाला ताडोबा, पेंच, नागझिरा इकडचा अनुभव असेल तर मधे टाका.

कोरडवाहू

ताई, सगळं बरोबर. पण वणीहून समुद्र किती दूर हाये ते नकाशात पाहा एकडाव. इकडं पऱ्हाटीची बोंडं गळून रायली अन् आपण फिजीच्या हॉटेलाचा हिशोब करून रायलो. धागा चुकीच्या विभागात पडला का काय?

जिप्सी_मोहर्ली

कोरडवाहू भाऊ, मले त लय कामाचं वाटलं. मी गेटवर गाडी चालवतो. ते २.३ वालं आमच्याइकडंबी हाय. कार्यक्रम असला का कोनी ना कोनी सायेब माईकवर सांगतेच, एक पर्यटक आला का इतक्या लोकायले रोजगार. कसा मोजला ते कोनी सांगत नाई.

आता मोजा. रिसॉर्टचा भाजीपाला चंद्रपूर-नागपूरहून गाडीनं येते. पनीर तिकडूनच. म्यानेजर बाहेरचा, शेफ बाहेरचा, बुकिंगचं कमिशन मुंबई-दिल्लीले. गावात रायते काय? गाईडची फी, गाडीचं भाडं, अन् झाडझूड, भांडे, वॉचमन. गाईड गावचा काऊन रायला? कारन का तो गावचाच घ्या लागते. नियम नसता त तेबी गेलं असतं. गाड्या कोनाच्या नावावर अन् खरा मालक कोन, ते मले नका इचारू, मले उद्याबी गेटवर जा लागते.

ब्रिटन सायबाले हे फिजीत दिसलं, आमाले पार्किंगमधून दिसते.

पळसाचं_पान

मॅडम, मी नागपूरला याच विषयात पीएच.डी. करतोय. बटलरवर थोडा अन्याय होतोय. त्या लेखाच्या शीर्षकातच साधनसंपत्तीच्या व्यवस्थापनाचा उल्लेख आहे. जागेची सहनक्षमता सांभाळली नाही तर घसरण होते, म्हणून वेळीच आवरा, हा त्याचा मुद्दा. लोकांनी वक्र उचलला आणि इशारा सोडून दिला.

२००० नंतरचं मी सांगतो. २००६ मध्ये कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या विद्यापीठातून बेटांच्या अभ्यासाचं स्वतंत्र नियतकालिक सुरू झालं, गॉडफ्रे बाल्डाचिनो यांच्या पुढाकाराने. त्याच वर्षी त्यांनी थंड पाण्याच्या बेटांवरचं पुस्तक संपादित केलं. तोवर बेट म्हटलं की नारळ आणि वाळू. आइसलँड, ग्रीनलँड यांच्याकडे या नजरेने फारसं कुणी बघत नव्हतं. तिथे पाहुणे कमी, खर्च जास्त, आणि गर्दी होण्याआधीच नियम करायला वाव जास्त.

मग हवामानबदल. मालदीवच्या मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २००९ मध्ये पाण्याखाली बैठक घेतली ते फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. पर्यटन हवामानबदलाचं बळी पण आणि विमानाच्या धुरामुळे कारण पण, या पेचावर तेव्हापासून भरपूर लिहिलं गेलंय. त्याच मालदीवात आणखी एक बदल झाला जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९७२ पासून तिथे रिसॉर्ट म्हणजे निर्मनुष्य बेट, पर्यटक आणि गावकरी वेगळे. २००९ नंतर लोकवस्तीच्या बेटांवर गेस्टहाऊसना परवानगी मिळाली आणि संशोधकांना एकाच देशात दोन्ही नमुने शेजारीशेजारी मिळाले. पैसा कुठे मुरतो आणि कुठे वाहून जातो याची तुलना करता येऊ लागली.

२०१७-१८ च्या सुमारास ‘ओव्हरटुरिझम’चा, म्हणजे अतिपर्यटनावरच्या लिखाणाचा, पूर आला. पॅसिफिकमधल्या पलाऊ या बेट-राष्ट्राने डिसेंबर २०१७ पासून पर्यटकाच्या पासपोर्टवर निसर्ग जपण्याच्या शपथेचा शिक्का मारून सही घ्यायला सुरुवात केली. फिलिपिन्सने बोराकाय बेट २६ एप्रिल २०१८ पासून सहा महिने बंद ठेवलं, सांडपाणी थेट समुद्रात जात होतं म्हणून. थायलंडचा माया बे हा किनारा जून २०१८ ला बंद झाला तो जानेवारी २०२२ ला उघडला. गॅलापागोसने २०२४ मध्ये परदेशी पाहुण्यांची प्रवेश फी १०० डॉलरवरून २०० केली. आधीच्या पिढीचा प्रश्न पर्यटक कसे आणायचे हा होता, आता थांबवायचे कसे हा आहे.

कोरडवाहू

बंद करून पाहायची गोष्ट त आपल्याकडंबी झाली ना. २०१२ ले सुप्रीम कोर्टानं व्याघ्र प्रकल्पाच्या कोअरमधलं, म्हणजे अगदी आतल्या गाभ्यातलं, पर्यटन बंद केलं होतं.

पळसाचं_पान

हो दादा, २४ जुलै ते १६ ऑक्टोबर २०१२. त्यातले बरेच दिवस पावसाळ्यामुळे तसेही बंदच असतात. नंतर कोअरच्या २० टक्क्यांपर्यंतच पर्यटन अशी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि लोंढा बफरकडे, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्याकडे, वळला. बोराकायवर जेवढे लेख आलेत त्याच्या पासंगालाही या वळणावर काम झालेलं मला सापडलं नाही. बघा, धागा योग्य विभागात आहे. 🙂

निवृत्त_मास्तर

वाचतोय. एक भर घालतो.

जंगलाला बेट म्हणायची पद्धत शास्त्रातली आहे. १९६७ मध्ये मॅकआर्थर आणि विल्सन यांनी बेटांवरच्या जीवजातींचा सिद्धांत मांडला: बेट जितकं मोठं आणि मुख्य भूमीला जितकं जवळ, तितक्या जाती जास्त टिकतात. सत्तरच्या दशकात हेच गणित अभयारण्यांना लावलं गेलं. शेती, रस्ते, खाणी यांच्या समुद्रात उरलेलं जंगल म्हणजे बेटच. ताडोब्याकडे चंद्रपूरच्या बाजूने जा, एकीकडे कोळसा आणि वीजकेंद्र, दुसरीकडे धानाची बांधी, मधे जंगल. तेव्हा बेटांच्या पर्यटनाचे धडे इथे लागू व्हायला काय हरकत आहे?

आणि महाराष्ट्राचं स्वतःचं उदाहरण विसरू नका. घारापुरी. लेणी १९८७ पासून जागतिक वारसा यादीत, मुंबईच्या डोळ्यांसमोर, रोज बोटी भरून माणसं. तिथल्या तीन पाड्यांना समुद्राखालच्या केबलने कायमची वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये. पर्यटक संध्याकाळच्या बोटीने परत जातो, मुक्काम करत नाही. त्याला अंधार दिसलाच नाही, मग तो प्रश्नावलीत कुठून येणार!

तेंदूपान

मास्तर, नमस्कार. बेटाचं पटलं नाही मला.

टिपेश्वरचा तो कॉलर लावलेला वाघ आठवतो का? २०१९ मध्ये निघाला, यवतमाळ, तेलंगण, मराठवाडा असं फिरत बुलढाण्याच्या ज्ञानगंगात पोचला. ३००० किलोमीटरच्या वर चालला. पऱ्हाटीतून, तुरीतून, नाल्यानाल्याने. आपण ज्याला समुद्र म्हणतो तो त्याचा रस्ता आहे. आमचाही आहे. आमच्या गावची माणसं सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरी सगळीकडे सोयरी आहेत, रोवणीला जातात, मिरची तोडायला तेलंगणात जातात. जंगलाच्या भोवती गोल काढून ‘हे बेट, हे लोक बेटावरचे’ म्हटलं की आमचं अर्धं जगणं गोलाबाहेर पडतं.

वैनगंगाकाठ

तेंदूपान, तू न वाचता हाऊओफा सांगितलास.

एपेली हाऊओफा. आई-वडील टोंगाचे, जन्म पापुआचा, शिकवायचे फिजीतल्या विद्यापीठात. १९८५ मध्ये बर्ट्राम आणि वॉटर्स यांनी पॅसिफिकच्या लहान बेटांचं सूत्र मांडलं होतं की ती स्थलांतर, बाहेरून येणारे पैसे, परकी मदत आणि सरकारी नोकऱ्या यांवर चालतात. हाऊओफाही वर्गात तेच शिकवत होते, आणि तुमची बेटं लहान, गरीब, परावलंबी हे ऐकताना पोरांचे चेहरे उतरलेले त्यांना दिसले. १९९३ च्या निबंधात त्यांनी सगळं उलटवलं. आमचे पूर्वज होड्यांनी हजारो मैल फिरले, समुद्र आमचा रस्ता आणि घर होता, लहान लहान तुकडे केले ते वसाहतवाल्यांनी नकाशावर रेघा मारून. ऑकलंडला गेलेला मुलगा पैसे पाठवतो, गावाकडून त्याला वस्तू जातात, ही देवाणघेवाण आहे, भीक नव्हे.

हवाईच्या हौनानी-के ट्रास्क यांनी तर १९९१ मध्येच लिहिलं होतं की पर्यटन आमची संस्कृती बाजारात बसवतंय, आणि पाहुण्यांनो, येऊ नका. टेरेसिया तिआइवा यांनी पॅसिफिकमधले लष्करी तळ आणि पर्यटन एकमेकांना कसे सांभाळून घेतात ते दाखवलं. या तिघांत हॉटेलचा हिशेब करणारं कुणी नाही, पण आज बेटांवर गंभीर काम करणाऱ्याला त्यांना टाळून पुढे जाता येत नाही. माझ्या मते खरा बदल हा आहे. निर्देशांक येतात आणि जातात. ज्याचा अभ्यास होत होता त्याने पेन हातात घेतलं, त्यानंतर जुने प्रश्न तसेच्या तसे विचारणं अवघड झालं.

अंदमान_रिटर्न

गोंदियाचा आहे. काही वर्षं पोर्ट ब्लेअर आणि हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप) हॉटेलच्या किचनमध्ये होतो. किचनमध्ये झारखंडचे, बंगालचे, आम्ही दोघं-तिघं इकडचे. पर्यटक आम्हालाच ‘लोकल’ समजून फोटो काढायचे!

ज्यांचं ते खरं घर, त्या जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ट्रंक रोड जातो. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो भाग बंद करायला सांगितला होता. तरी गाड्यांचे ताफे चालूच राहिले, आणि २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा जगभर बोंब झाली. वर मॅडमनी जे म्हटलं, पेन हातात घेतलं वगैरे, ते प्रत्येक बेटावर झालेलं नाही. जारवांची बाजू अजून दुसरेच लिहितात.

वैनगंगाकाठ

हे महत्त्वाचं आहे. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पळसाचं_पान

आणि सध्या नवीन काय चाललंय तेही ऐका. इन्स्टाग्रामच्या फोटोंवरचं ठिकाण, हॉटेलचे ऑनलाइन रिव्ह्यू, मोबाईलचा डेटा, यावरून बेटावर गर्दी कुठे नि कधी होते हे काढतात. बेटावर पाय न ठेवता बेटावरचा लेख तयार. शिवाय बेटांवरच्या लेखांचेच लेख: कुठला शब्द किती वेळा आला, कुठल्या देशातून किती लिहिलं गेलं. मीही एक प्रकरण तसलंच लिहितोय, माझ्या पीएच.डी.च्या गाईडला आवडतं. पण विचार केला तर लाखो फोटो काढणारा कोण? पर्यटकच. म्हणजे गेटवरची प्रश्नावलीच, फक्त न विचारता भरून घेतलेली.

अपवाद सांगतो. कोविडमध्ये सीमा बंद होत्या, बाहेरचा संशोधक जाऊच शकत नव्हता. तेव्हा फिजीचे अपिसालोमे मोवोनो आणि न्यूझीलंडच्या रेजिना शायव्हेन्स यांनी पॅसिफिकमधल्या स्थानिक सहकाऱ्यांकडून पाहणी करून घेतली. पैसा आटला होता हे तर खरंच. पण लोक मळ्याकडे, मासेमारीकडे वळले, वस्तूंची अदलाबदल सुरू झाली, आणि कित्येकांनी सांगितलं की घरच्यांसोबत वेळ मिळाला, जुनी कामं पोरांना शिकवता आली. पर्यटनावर सगळं उभं असलेल्या गावांनी पर्यटनाशिवाय काय केलं, हा प्रश्न त्याआधी इतका थेट क्वचितच विचारला गेला होता.

जिप्सी_मोहर्ली

आमाले कोनीच नाई इचारलं. मी सांगतो ना. गाडीचा हप्ता थकला, बँकेचा फोन यायचा. ज्याच्यापाशी बांधी होती त्यानं धान रोवलं. ज्यानं रिसॉर्टले जमीन इकली होती तो दुसऱ्याच्या बांधीत गेला रोजीनं. फरक तिथं समजला कोनाचं काय गेलं ते. घरच्यासोबत वेळ भेटला हे खरं हाय, पन खिशात पैसे नसले का घरचे जास्त भांडते, हेबी लिवा म्हना त्यायले.

तेंदूपान

अजून एक. उन्हाळ्यात पर्यटक सगळ्यात जास्त, कारण पाणवठ्यावर वाघ हमखास दिसतो. त्याच दिवसांत आम्ही मोहफूल वेचायला पहाटे जातो आणि नंतर तेंदूपत्त्याचा हंगाम लागतो. चंद्रपूर जिल्ह्यात माणसं वाघाच्या हल्ल्यात मरतात ती बरीचशी याच कामात. ‘वाघ दिसला का’ हा प्रश्न गेटवर विचारला की हसून उत्तर येतं. हाच प्रश्न आमच्या आंगणात विचारून बघा.

बचतगटातर्फे मी होमस्टेचं प्रशिक्षण घेतलंय, पर्यटन नकोच असं नाही माझं. पण अभ्यास करायला येणारी पोरं आम्हाला विचारतात की तुम्ही पर्यटनाबाबत समाधानी आहात का, एक ते पाच आकडा सांगा. मी तीन सांगते. सगळ्याच जणी तीन सांगतात, म्हणजे लवकर सुटका होते.

कोरडवाहू

तीन 😂 आमच्याकडं पीकविम्याचा सर्व्हे आला का आमीबी तीनच सांगतो.

बरं ताई, माघार नाही घेत, पण मंग तुमचे पोट्टे यंदा इचारणार काय? तेवढं सांगा.

वैनगंगाकाठ

त्यासाठीच धागा काढला होता. आतापर्यंत तुमच्या बोलण्यातून मी हे उतरवून घेतलंय. रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात गेल्या आठवड्यात जे आलं त्यातलं बफरच्या गावांतून काय आलं? जमीन कुणी, कधी विकली, तो आता काय करतो? २०१२ नंतर कोणत्या गावांजवळ नवीन गेट उघडली आणि तिथल्या गुरांच्या, सरपणाच्या, मोहाच्या वाटा कुठे वळल्या? नवेगाव-रामदेगी, जामणीसारखी जी गावं कोअरमधून उठून बाहेर बसली, त्यांतल्या किती घरांत पर्यटनाचा पैसा येतो? एक ते पाच आकडे बंद. पर्यटकाला एकच प्रश्न ठेवतेय: काल रात्री जेवलात ते कुणी रांधलं, नाव माहीत आहे का?

तेंदूपान, प्रश्न तू आणि तुझ्या गटातल्या बायकांनी आधी वाचावेत, नको ते खोडावेत. लेखात नावं तुमचीही येतील, आभाराच्या ओळीत नाही, लेखकांच्या ओळीत. विद्यापीठ काय म्हणेल ते बघू.

पळसाचं_पान

विद्यापीठ विचारेल नमुना किती जणांचा.

तेंदूपान

सांगा, येईल तेवढ्यांचा. खोडायला लाल पेन आणा.

जिप्सी_मोहर्ली

मॅडम, मंगळवारी या. गेट बंद रायते, गाड्या उभ्या, सगळे ड्रायव्हर-गाईड घरी भेटन. फक्त सकाळी नका येऊ, सकाळी आमी बांधीत रायतो. अन् रिसॉर्टच्या किचनचं इचारायचं असन त म्यानेजरले नका इचारू, भाजीची गाडी खाली करनारा पोट्टा आमच्याच गावचा हाय, त्याच्या तोंडपाठ हाय सगळं.